सगुणामावशीची माणसं आणि आमचा नाताळ

…आणि वर बायको मलाच म्हणते, "अहो, जरा हसऱ्या चेहऱ्याने बसा की, लोक येतात!" लोक? कुठले लोक? तुम्हाला सांगतो, डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, या डार्विनमध्ये ज्याला म्हणून विमानाचं तिकीट परवडतं तो दक्षिणेला पळालेला असतो, मागे उरतो पाऊस, पाली आणि आम्ही दोघं! अंघोळ करून अंग पुसावं, की पुसता पुसताच परत भिजलेलं असतं… बाहेर ढग नुसते गुरगुरतायत, आणि आम्ही चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, छातीवर बॅज, समोर तीन कॉम्प्युटर, दारावर पाटी, 'या, आपले पूर्वज शोधा'! नाताळ तोंडावर आलेला, घरात करंजीचा पत्ता नाही, आणि ही आपली बसलेली कुणाच्या तरी खापरपणजोबाचा बाप्तिस्मा शोधत! म्हटलं, "विनीता, अगं मेलेल्यांना काय घाई असते?" तर म्हणाली, "ते वाट बघतायत." वाट बघतायत! दीडशे वर्षं बघितली, आणखी पंधरा दिवस बघितली तर काय बिघडतं हो त्यांचं?

तुम्ही म्हणाल, हा माणूस इथे आला कशाला. मलाही तेच विचारायचंय! मी पद्माकर मकासरे, मूळचा नगरचा, मिशन कंपाउंडात वाढलेला, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रिटायर झालो, मुलगा वरुण म्हणाला, "बाबा, आता इकडेच या," आलो. मेलबर्नजवळ वेरिबीला काय सुखात होतो! नात ऋता, सात वर्षांची, तिला सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, वाटेत ती इंग्लिशमध्ये बोलणार, मी मराठीत बोलणार, दोघांना निम्मं निम्मं कळणार… निम्म्यावर लोकांचे अख्खे संसार होतात, इथे तर आजोबा-नात! मजेत चाललं होतं. पण एका रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये कोणीतरी उठून सांगितलं की, रिटायर झालेल्या जोडप्यांनी दीड वर्ष सेवेला जावं, फॅमिली हिस्टरीच्या कामाला माणसं हवीत… आणि माझ्या शेजारून एक हात वर! बघतो तर हिचा! म्हटलं, खाली कर, तर म्हणाली, "देवाने हाक दिली." अगं, मग मला का नाही ऐकू आली? शेजारीच तर बसलो होतो! आणि गंमत म्हणजे एकट्याला पाठवत नाहीत, जोडपंच लागतं. म्हणजे हाक हिला, आणि बॅग मला!

आणि पाठवलं कुठे? डार्विनला! वेरिबीपासून विमानाने चार-साडेचार तास! निघताना ऋता गळ्यात पडली, "Ajoba, don't go, you'll melt!" पोरीने अगदी बरोबर सांगितलं होतं.

इथे तर ओळखसुद्धा गेली माझी. पांढरा शर्ट, काळा बॅज, असा इंडियन दुकानात गेलो की, प्रत्येक जण मला धरून विचारतो, "अंकल, आटा किधर है?" पहिले दोन महिने चिडायचो. आता सांगतो, "तिसरी रांग, खाली." आणि सेंटरवर रोज येणारा एकच माणूस, केव्ह म्हणून आहे, ट्रकवाला होता पूर्वी. रोज दुपारी येतो, "Arvo, mate! Just chasing me great-grandad," (Arvo म्हणजे यांची दुपार!) असं म्हणून एसीच्या बरोब्बर खाली खुर्ची ओढतो आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागतो. त्याचा पणजोबा अजून आयर्लंडमधून निघालेला नाही! मी म्हटलं, उठवू का? तर केव्हच एक डोळा उघडून म्हणाला, "No worries, mate, he's not going anywhere." बघा, ट्रकवाल्याला कळलं! मेलेल्यांना काय घाई असते हो? फक्त माझ्या बायकोला कळत नाही.

तर झालं असं, की गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर ही घेऊन बसली आमचंच झाड. वंशवृक्ष! माझे आजोबा, पणजोबा, आत्या, चुलते, सगळे भराभर चढवले. आणि ते संपल्यावर आली मावश्यांवर. आता तुम्हाला सांगतो, कंपाउंडात वाढलेल्या माणसाला मावश्या किती असतात? मोजायच्या नसतात! समोरच्या खोलीतली मावशी, नर्सबाई मावशी, शाळेतल्या बाई त्याही मावशीच, पाळकसाहेब काका, घंटा वाजवणारा मामा… ज्याच्या हातचं खाल्लं तो नातेवाईक, आणि ज्याच्या हातचा मार खाल्ला तो तर सख्खा! ही विचारणार, "सगुणामावशी आईंची कोण हो?" मी म्हणणार, "बहीण." मला काय ठाऊक, मला तर जन्मापासून तेच सांगितलं होतं! आई तिला सगुणाताई म्हणायची, आमच्या घरात कालवणाला मीठ कमी पडलं की तिच्याकडून यायचं, आणि तिच्या घरात भांडण झालं की ती आमच्याकडे यायची. बहीण नाही तर कोण? घातलं. सगुणामावशी, तिची मुलगी मार्था, सगळं खानदान आमच्या झाडावर.

आणि हे झाड तुमच्या-आमच्यापुरतं नसतं हो, जगभरचे लोक बघतात! आठ दिवसांत मेसेज. सिडनीहून. कोणी चित्रलेखा, वेस्टमीडला हॉस्पिटलमध्ये नर्स, "ओह माय गॉड, माझी आजी तुमच्या ट्रीमध्ये आहे! म्हणजे तुम्ही माझे मामा!" ही तर नाचायचीच बाकी राहिली. लगेच फोन. तिकडून चित्रलेखा, "मामी, इथे आमचं आपलं असं कोणीच नाही हो!" इकडून ही, "असं कसं कोणी नाही? आम्ही काय मेलोय का? या नाताळाला!"

या नाताळाला!! अहो, नाताळाला वरुण यायचा होता! वरुण, सूनबाई मिताली, आणि माझी ऋता! महिनाभर मी त्या एका गोष्टीवर जगत होतो. दोन खोल्यांचं घर चर्चने दिलेलं, त्यातली एक झाडून, पुसून, नवी चादर घालून ठेवली होती. पोरीसाठी फुगवायचा स्विमिंग पूल आणला, पंप नव्हता, तोंडाने फुगवला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण फुगवला! आणि ही म्हणते, "होईल हो सगळं, गाद्या टाकू, आपल्याकडे नगरला एका खोलीत वीस माणसं झोपायची." मी म्हटलं, "झोपायची, पण त्यातली एकही मेलबर्नहून सूटकेस घेऊन येत नव्हती!"

आणि वरुणचा फोन आलाच. लाडाने सांगितलं हिने, अमुक येणार, तमुक येणार, किती मज्जा! मग वरुण अगदी गोड आवाजात… मुलाचा आवाज गोड झाला की बापाने समजून जावं, तुम्हाला माहितीय… "बाबा, मग असं करूया का, आम्ही ईस्टरला येतो. मितालीला एवढ्या अनोळखी लोकांत ऑकवर्ड होतं. आणि घरात जागा पण नाही ना. You've got company anyway, no worries!" नो वरीज! बेथलेहेमात जागा नव्हती, तर निदान गोठा तरी निघाला, इथे चर्चच्या घराला गोठासुद्धा नाही! मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन त्या रिकाम्या पुलाशेजारी बसलो. खोटं कशाला बोलू, रडलो. पावसात बसलो होतो म्हणून कोणाला कळलं नाही.

ही आली मागून. तिचाही चेहरा उतरला होता, पण वाकेल तर शपथ! म्हणाली, "येतील हो ईस्टरला. चित्रलेखाच्या आईचं वय झालंय, त्या पुन्हा कुठे येणार?" म्हटलं, अगं, माझं वय काय उलटं चाललंय का?

आले. नाताळाच्या आदल्या दिवशी आले. चित्रलेखा, तिचा नवरा सारंग, दोन मुलगे, आणि चाकाच्या खुर्चीतून तिची आई मार्था. माणसं वाईट नाहीत हो! सारंगने येताना अख्खं मटण मसाला घालून बर्फात पॅक करून आणलं. पोरांनी पूल बघितला आणि कपड्यांसकट आत! मी म्हणणार होतो, "अरे, तो ऋताचा…" पण कुणाला सांगणार? दोघंही "थँक्स, आजोबा!" म्हणून मोकळे. आणि करंज्या! इथल्या हवेत करंजी तळावी आणि ताटात ठेवावी, पाचव्या मिनिटाला तिची पोळी होते. तरी खाल्ल्या सगळ्यांनी. मीच नाही खाल्ल्या.

नाताळाला दुपारी जेवायला बसलो. विनीताने प्रार्थना केली, त्यात पूर्वजांचे आभार मानले, नावं घेऊन! मटण थंड व्हायला लागलं, मी मनात म्हटलं, प्रभू, तूच सांग हिला, मेलेल्यांना काय घाई असते? मग ही कौतुकाने मार्थाला म्हणते, "मार्थाअक्का, सांगा ना, आमच्या सासूबाई आणि तुमची आई, दोघी बहिणींत मोठी कोण?"

मार्था हाड चोखत होती. ते चोखून झालं, ताटात ठेवलं, आणि म्हणाली, "कसल्या बहिणी?"

"म्हणजे… सख्ख्या बहिणी ना?"

"अगं बाई! आमची आई सोलापूरकडची, पद्म्याची आई राहुरीची. कंपाउंडातल्या नळावर भेटल्या. पहिल्या दिवशी हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरल्या, आणि मग मरेपर्यंत एकीला सोडून दुसरी जेवली नाही. सख्ख्या कशाच्या? सख्ख्या असत्या तर बोलल्या तरी असत्या का?"

सारंगचा घास हातात. चित्रलेखा आईकडे बघतेय, "आई, तू बोलली का नाहीस?" तर मार्था काय म्हणाली माहितीय? "मला वाटलं, तुम्हाला माहितीय. आणि विमानाने न्यायला निघाले होते, कशाला मोडता घालायचा?" अडुसष्ट वर्षं! अडुसष्ट वर्षं मी जिला आईची बहीण समजलो, ती नळावरची! आणि त्या नळापायी माझा मुलगा, माझी नात वेरिबीला! मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोल. तर ही वाटीत रस्सा वाढत म्हणते, "झाडावरून काढावं लागेल का हो?" झाडावरून! अगं, मला काढ त्या झाडावरून!

तेवढ्यात फोन. व्हिडिओ. ऋता! डोक्यावर लाल टोपी, मागे वरुण-मिताली. मी फोन असा दोन्ही हातांत धरला. "Merry Christmas, Ajoba! Who are all those people?" काय सांगणार? म्हटलं, "आपलीच माणसं आहेत, बाळा." मग म्हणाली, "Ajoba, Dad showed me Aji's tree. I looked and looked. I'm not there."

आता ही पुढे झाली. हा हिचा विषय ना! "सोन्या, तू आहेस, पण दिसत नाहीस. जिवंत माणसांची नावं कुणाला दाखवत नाहीत, नियम आहे तसा." पोरगी म्हणाली, "So their granny's on it, and Dad doesn't even know them, and I'm not?" ती टेबलाकडे बघत होती. आणि मग, अगदी हळू, "So when can people see me?"

विनीता तशीच आत गेली, आणि नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात मला कळतं हो, ही तोंड कधी धुते आणि रडते कधी.

म्हटलं, चला, देव पावला! आता तरी तिकिटं काढेल, जाऊ वेरिबीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना विमानतळावर सोडून आलो, तर ही बॅज लावून दारात उभी! म्हटलं, "अगं, काल नात काय म्हणाली ऐकलंस ना?" म्हणाली, "ऐकलं, म्हणून तर निघालेय. उद्या ती मोठी होईल, शोधायला बसेल, तेव्हा तिला आपलं कोणी सापडायला नको? तिच्यासाठीच करतेय मी हे." म्हटलं, "आणि आत्ता?" तर म्हणाली, "आत्ता फोन आहे की." आणि गाडीत जाऊन बसली. एसी लावून. माझी वाट बघत!

काय करता? मीही बॅज लावला. तिच्याशी वाद घालायचा तर जिवंत माणसाच्या बाजूने बोलावं लागतं, आणि या कामात जिवंत माणसाची बाजूच नाही हो! तेव्हा मी आता ठरवून टाकलंय. ईस्टर नको, काही नको, घाई कुणालाच नको. एकदा मी गेलो ना, की ही बसेल आणि माझं नाव, गाव, जन्मतारीख, सगळं बिनचूक चढवेल, हसरा फोटो मी काढून ठेवलाच आहे. मग ऋता बाळा, तू शोधायला बस, पहिल्या झटक्याला आजोबा सापडतील तुला… आणि आई-बाबांना घेऊन खुशाल राहायला ये, तेव्हा घरात जागाच जागा असेल!