टरफलांचा डबा

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या एका बाजूला टोपलीत कोंबडी घेतलेले गृहस्थ होते आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर मांजर घेतलेल्या एक मावशी. मध्ये मी अंग चोरून बसलो होतो. त्यांचे बोलणे मला ओलांडून चालले होते.

“काय झालंय हो कोंबडीला?”

“अंडं घालते, पण कवचच नसतं. हातात घेतलं की फुग्यासारखं दबतं. आईची एवढी एकच उरलीय, मावशी.”

“आई कुठं असतात?”

“दोन महिने झाले जाऊन.”

“अरेरे. खायला काय घालता हिला?”

“मका. अगदी ओंजळ भरभरून.”

“नुसता मका? तुम्हाला कुणी रोज नुसती साखर वाढली तर? पाला नको, किडे नकोत? आई काय घालायच्या?”

“ती परसात मोकळी सोडायची, भाजीची देठं टाकायची. आणि अंड्यांची टरफलं वाळवून रोज पहाटे खलबत्त्यात कुटायची. आम्ही अंथरुणातूनच ओरडायचो, आई, झोपू दे ना गं!”

“मग तेच तर औषध! त्यांनी कुटलेली असतील की घरात.”

“डबाभर होती. आवराआवर करताना कचरा समजून मीच फेकली.”

“असू द्या. नवी कुटा. पीठ करू नका, भरड ठेवा. वेगळ्या वाटीत ठेवलीत की हवी तेवढी टिपेल ती.”

“पहाटेच कुटायची का?”

“छे हो! तिला काय घड्याळ कळतंय? केव्हाही कुटा.”

“नाही, मावशी. पहाटेच कुटतो. पोरं ओरडतील, ओरडू देत.”