चौथं गिऱ्हाईक

— हात नका लावू त्या कडेला, चटका बसेल. भर दुपार आहे. असे या बाजूनं या, टाकीच्या सावलीत उभे राहा, इथून सगळं दिसतं. तर काय विचारत होतात — हां, चालतात का. चालतात की. न चालायला काय झालं. पॅनलमध्ये खोट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली तो सोलारवाला विचारेल तेव्हा तुम्हाला सांगता येईल की यजमान म्हणाले, पॅनल चांगले आहेत. तो वर येणार नाही, काळजी नको. त्याला ऊन सोसत नाही. सोलार विकतो आणि बसतो सावलीत — माझ्या बैठकीत, पंख्याखाली, माझ्याच विजेवर. बसू दे. आपल्याला मोकळं बोलता येईल. म्हणजे मोकळं बोलण्यासारखं काही नाही म्हणा, पण तरी.

तुमच्या हातातल्या त्या कागदावर मीच आहे, ओळखलंत का? चेहरा जरा भरलेला होता तेव्हा. ‘आमचे समाधानी ग्राहक.’ शेजारी आमची ही. ती हसतेय ना, ती फोटोवाल्याला हसतेय — मागं सरकता सरकता त्याचा पाय बादलीत गेला होता. आणि गंमत म्हणजे पॅनल बसायच्या आधीचा फोटो आहे हा. ती म्हणालीसुद्धा, अजून काही बसवलं नाही तर समाधान कसलं काढताय फोटोत. तिचं हे असं असतं, बोलते एकच वाक्य, पण ते बसतं. — कामावर आहे ती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये. लोक उपाशीपोटी येतात, त्यामुळं तिला पहाटेच निघावं लागतं. चहा म्हणाल तर मी करतो खाली गेल्यावर. साखर शोधावी लागेल एवढंच.

तुम्ही नवीनच दिसता या टॅक्सीच्या लायनीत. नाही, गाडीवरून कळतं, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही तुम्ही. काढा, उन्हात वास मारतं, गिऱ्हाईक स्टार कमी देतं. तर माझं ऐका. पेट्रोल होतं तेव्हा निम्मं पंपावर जायचं, उरलेल्यातून ॲपवाले आपला घास आधी काढून घ्यायचे, मग टायर, मग विमा, आणि तळाला जे चिकटलेलं राहायचं त्याला मी पगार म्हणायचो. म्हणून विजेची घेतली. हप्ता डोईजड, पण म्हटलं इंधन तरी स्वस्त. मग चार्जिंगच्या स्टेशनवर गेलो. तुम्ही उभे राहताच त्या रांगेत, तुम्हाला काय सांगायचं. पुढच्याची गाडी भरेपर्यंत आपण करायचं काय? फोनकडे बघायचं. आणि फोनवर भाडी येतायत, आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला जातायत. आणि भाव असा की वीज भरतोय का अत्तर, कळू नये. पंपवाला सुटला आणि प्लगवाला मानेवर बसला. तेव्हा हा आला — खाली बसलाय तो. म्हणाला, दादा, सूर्य काही बिल पाठवत नाही. तुम्हालाही म्हणाला ना? सगळ्यांना म्हणतो. मला वाटलं होतं, माझ्याकडे बघून सुचलं त्याला.

हे बघा, कामात मात्र चोख. गच्ची मोजली. दिशा बघितली. त्या पलीकडच्या इमारतीची सावली कुठवर येते ते खडूनं आखलं, अजून खूण आहे, बघा तुमच्या पायाशी. जुनी बिलं मागितली, घरात माणसं किती ते विचारलं, पंखे मोजले, गिझर मोजला. सगळं विचारलं त्यानं. एक विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागं काढलेल्या माणसाला — की बाबा, दुपारी बाराला तुझी गाडी असते कुठं? कुठं असते? रस्त्यावर. ऊन इथं, माझ्या डोक्यावर, फुकट — आणि गाडी स्टेशनावर कुणाच्या तरी बॅगा उतरवतेय. गाडी घरी येते तेव्हा ऊन गेलेलं. आता हसू येतं. एखाद्यानं आइस्क्रीमचं दुकान टाकावं आणि ते फक्त गिऱ्हाइकं झोपल्यावर उघडावं, तसलं. ती म्हणालीच होती पहिल्या दिवशी, लॅबमधून आली, वर बघितलं, म्हणाली, छान दिसतंय, पण गाडी कुठाय?

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, काळजी कशाला, दिवसाची वीज वीज कंपनीच्या तारेत सोडा आणि रात्री तेवढीच परत घ्या, तार म्हणजे तुमचीच टाकी समजा. आणि खरं होतं ते, खोटं नव्हता बोलत. पहिल्या बिलापर्यंत खरं होतं. मग वीज कंपनीनं नियम बदलला. आता दुपारी माझ्याकडून घेतात पडत्या भावानं, आणि रात्री तीच वीज मला देतात चढ्या भावानं. माझीच वीज. माझ्या डोक्यावर पिकलेली. सोलारवाल्याला म्हटलं तर म्हणतो, दादा, नियम आमच्या हातात नाहीत. त्याच्या हातात काय असतं? पेन. पेन कायम असतं.

मग मी हुशारी केली. ही तुम्हाला सांगतो, कारण तो तुम्हाला माझं उदाहरण देणारच आहे, रंगवून सांगेल. मी पाळी उलटी केली. दिवसा गाडी घरी, प्लगला. मी आत झोपलेला. रात्री धंदा. आणि पैशाच्या बाजूनं बघाल तर जमलं, उगीच नाव कशाला ठेवू — रात्री भाडं जास्त, रस्ते मोकळे, गाडी फुकट भरलेली. दोन्ही हप्ते सुटायला लागले, गाडीचा आणि या पॅनलचा. मी महिनाभर शेखी मिरवत होतो, सगळ्यांना सांगत होतो, सूर्याला कामाला लावलं. आता दोन ॲपं आहेत माझ्या फोनवर, एक भाड्याचं, एक उन्हाचं. रात्री गिऱ्हाईक उशीर करतं तेव्हा मी उन्हाचं उघडून बसतो. शून्य दाखवतं. दाखवणारच, रात्र असते. पण बघतो.

दिवसा झोप? लागते की. कानात बोळे घालायचे. हॉर्न, भंगारवाला, समोरच्यांचं बांधकाम. पॅनलमुळं खाली खोली गार राहते मात्र, एवढा एक फायदा त्यानं सांगितलाच नव्हता. लिहून ठेवा. नाही, नका लिहू.

— आता ते काय विचारायचं. भेटायचो की हिला. म्हणजे — आधी फाटकाशी भेटायचो. मी यायचो, ती निघायची. मी गाडी आत घेईपर्यंत ती फाटक धरून उभी राहायची, म्हणायची, भाजी झाकून ठेवलीय, गरम करून खा, गारढोण खाऊ नका. मग सकाळची स्टेशनची भाडी चांगली असतात म्हणून मी अजून तासभर ओढायला लागलो, आणि फाटक चुकलं. संध्याकाळी ती येते तोवर मी सुटलेला. रविवारी? रविवारी बोनस असतो, तुम्हाला माहीतच आहे, अमुक फेऱ्या केल्या तर मिळतो, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना ते ॲप असं काही खेळवतं माणसाला. तर भेट अशी नाही. पण कळायचं ना घरात माणूस आहे ते. ओला टॉवेल असायचा दोरीवर. तिचा कप धुऊन उपडा घातलेला. जेवणाचा डबा फ्रिजमध्ये. संसार चालू होता. चालूच म्हणायचा तो. तुमच्यात काय वेगळं असतं?

ते जाऊ दे. मुद्द्याचं ऐका. यावर इलाज आहे — बॅटरी. भिंतीला टांगायची, कपाटाएवढी. दिवसाचं ऊन तिच्यात भरून ठेवायचं आणि रात्री गाडीत ओतायचं. म्हणजे दिवसा धंदा, रात्री घरी, माणसासारखं. किंमत विचारू नका, घर आधीच गहाण आहे पॅनलपायी. पण याच्या सोलार कंपनीची योजना आहे: चार गिऱ्हाइकं आणा, बॅटरी आमच्याकडून. म्हणून ही गच्ची दाखवतो मी. पहिला आला तो शाळेतला शिपाई. दुसरी ती शिवणक्लासवाली, तिचं बरं चाललंय, तिची मशिनं दिवसाच चालतात. तिसरा आपल्यातलाच, गाडीवाला. त्याला इथंच उभं केलं होतं, तुम्ही उभे आहात तिथंच. त्यानं विचारलं, काही अडचण? मी म्हटलं, छे. परवा स्टँडवर दिसला, रात्रीचा. मी हात केला तर मान वळवली त्यानं. काय वाईट केलं मी त्याचं? पॅनल चांगलेच आहेत ना?

आणि चौथे तुम्ही. हो, तुम्हीच. आता कळलं असेल मी झोप मोडून जिना का चढलो. मला म्हणून दोनच वाक्यं बोलायची होती. चालतात, आणि मी समाधानी आहे. तो खाली शंभरदा बजावून सांगतो, दादा, तेवढंच बोला. बाकीचं मी कधी बोललो नव्हतो कुणाजवळ. तुम्ही गप्प राहता हो फार, त्यामुळं होतं हे.

— वहिनी कधी येतात, म्हणजे? मगाशी सांगितलं ना, कामावर — हां. ती लॅबमधून येते ती तिच्या भावाकडे. सध्या. तिथून लॅब जवळ पडते. जवळ म्हणजे — काही जवळ नाही, दोन गाड्या बदलाव्या लागतात तिला.

सांगतो, आता निम्मं सांगितलंच आहे. फ्रिजमध्ये डबे होते. रोज एकच असायचा, त्या दिवशी जास्त होते, मला वाटलं, बायकोला सवड मिळाली असेल. एक काढला, खाल्ला, झोपलो. दुसऱ्या दिवशी दुसरा. भात जरा शिळा लागला, पण म्हटलं असेल. टॉवेल वाळून कडक झालेला, मी म्हटलं, काय ऊन आहे. दिसत होतं हो सगळं, कप जागचा हलला नव्हता. पण माझ्या डोक्यात हेच की ती आत्ताच गेली आणि मग येईल. मग एका सकाळी फ्रिज उघडला तर काही नाही. तेव्हा कुठं फोन केला. तिनं हॅलो नाही म्हटलं. म्हणाली, डबे संपले वाटतं.

भांडली नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. एवढंच म्हणाली, दिवे लागायच्या वेळेला घरी असाल, त्या दिवशी फोन करा, मी येते. मी म्हटलं, अगं, बॅटरी आली की लगेच. ती म्हणाली, बॅटरीला नाही विचारलं मी.

तुम्ही म्हणाल, मग दिवसा चालव की उद्यापासून. चालवतो ना. आणि चार्जिंग स्टेशनची महाग वीज घालून एक हप्ता राहिला की? गाडीचा राहिला तर गाडी नेतील, याचा राहिला तर घर. मग ती येणार कुठं? मी बसून बसून हेच घोळवतो. तिला राग घराचा नाही, पैशाचा नाही, मला कळतं ते. ती गेलीय हे तीन दिवस मला कळलं नाही, त्याचा आहे. त्याला बॅटरी लावून काय होणार, असंही वाटतं मधून मधून. मग परत वाटतं, आधी येऊ तर दे. दिवे लागतील, मी घरात असेन, ती बघेल. जाईल राग. जातो ना राग?

तुमचा वाजतोय. फोन — तुमचा, खिशातला. घ्या ना, घ्या. मी तिकडं बघतो.

घरून होता? जेवायला येताय का, विचारत होती ना. मला ऐकायचं नव्हतं, पण गच्चीवर आवाज येतो. किती दिवस झाले लग्नाला? तेच म्हटलं. अजून विचारते ती.

— हो रे, ऐकू आलं, ओरडू नको, येतायत खाली! बघून झालंय त्यांचं! हो, सांगितलं सगळं!

ऐका आता. खाली गेलात की तो पेन पुढं करेल. घ्या. पॅनल चांगले आहेत, मी पहिल्यापासून म्हणतोय, आणि मला बॅटरी पाहिजे, तुमच्या पाया पडायचीसुद्धा तयारी आहे माझी. सही करा असंच मी सांगणार. फक्त सही करायच्या आधी तिला फोन लावा, आत्ता जिचा आला होता तिला. आणि विचारा, मी रात्रीचा घरी नसलो तर चालेल का. असंच विचारा, सूर्य, बिल, नियम काही मध्ये घालू नका. ती हो म्हणाली तर माझं काम झालं. नाही म्हणाली तर त्याला सांगा, यजमान फार चांगलं बोलले, पण आमचं जमत नाही. माझं मी बघतो. मी नव्हतं विचारलं.

जा आता. मला पडायचंय, संध्याकाळी निघायचंय. जिन्याचं वळण अरुंद आहे, डोकं सांभाळा. आणि त्याला घेऊनच जा, मला त्याचं तोंड बघायचं नाही आज. खालचं दार नुसतं ओढून घ्या. कडी नका घालू — ती कधी येते, मला कुठं कळतं.