कोऱ्या गटारातलं निर्माल्य

बसा मंडळी, थोडं पुढं सरका. खांबाला टेकलेले मागचे काका — टेका हो, पण घोरू नका! पूर्वरंग झाला, नामाचा महिमा ऐकलात, माना डोलावल्यात. आता एक साधा प्रश्न. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी सकाळी काय असतं? फूल? प्रसाद? की कचरा?

काय म्हणालात बाई? निर्माल्य! शाब्बास! मग ते निर्माल्य टाकायचं कुठं?

हं — आता कशा गप्प झालात! मीही गप्पच आहे. इतकी वर्षं या चौरंगापाशी उभा राहतोय, पण मला सांगता येत नाही. म्हणून ज्याला हे अगदी पक्कं ठाऊक होतं, अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. ऐका!

कासारवेढे नावाचं गाव. तिथं एक उताराची गल्ली. वरच्या टोकाला दिगूअण्णा आष्टीकर, शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे मास्तर. सगळ्या गल्लीत जानवं घालणारे हे एकटेच, आणि सोवळं असं कडक की मांजरसुद्धा देवघरापाशी विचार करून पाऊल टाकी! आणि गल्लीच्या पार खालच्या टोकाला मालनबाई लोहारांचं घर. त्यांची लेक कांचन बाळंतपणाला माहेरी आलेली.

श्रावण लागला. अण्णांचा रोजचा अभिषेक सुरू. दूध, दही, तूप, मध, साखर — वर बेलाची पानं, दूर्वा, झेंडू! आणि नेमकी त्याच वेळी नगरपरिषदेची घंटागाडी गल्लीत ओरडायला लागली. ओला कचरा हिरव्या डब्यात! सुका कचरा निळ्या डब्यात! गटारात तेल, तूप, फुलं, केस, चिंध्या टाकू नका! नदीत काही टाकू नका! विहिरीत टाकू नका! झाडाखाली ठेवू नका!

अण्णा फाटकात आले. गाडीबरोबर हणमंत मुकादम होता.

"हणमंता, निर्माल्य कशात?"

"ओल्यात, अण्णा."

"ओल्यात? त्या बोंबलाच्या डोक्यांबरोबर?"

"मग वेगळं बांधून द्या की."

"कशात बांधू? प्लॅस्टिकला तर बंदी."

"कागदात द्या."

"कागद कुठल्या डब्यात जातो?"

"सुक्यात."

"आणि आतलं फूल?"

"ओल्यात."

"मग पुडी कुठल्या डब्यात टाकू?"

मुकादमानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." मंडळी, तो साहेबांना विचारायला जो गेला तो गेलाच! साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं असणार.

इकडं पंचामृत तुळशीत ओतून ओतून तुळशीला मुंग्या लागल्या. परसात सगळी शहाबादी फरशी, मातीचा कण नाही. निर्माल्याची टोपली भरली, दुसरी भरली. अण्णांना जेवण जाईना! हसू नका हो. त्या माणसाला खरंच दुःख होत होतं. ज्याच्यापुढं हात जोडले, त्याच्या पायावरचं फूल बोंबलाशेजारी कसं ठेवायचं? तुम्ही ठेवाल?

अशात एक दिवस अण्णा भाजी घेऊन येताना गल्लीच्या मध्यावर थबकले. नव्या भुयारी गटाराचं झाकण उघडं होतं. कामगार चहाला गेलेले. अण्णांनी वाकून पाहिलं — आत नवाकोरा पाइप! स्वच्छ, कोरडा! अजून एकाही घराची जोडणी झालेली नव्हती. अण्णांचा चेहरा उजळला. घरी येऊन बायकोला म्हणाले, "मथुरे, जागा सापडली!"

जागा कुठली ते ऐकून मथुराकाकूंच्या हातातलं तांब्याचं ताम्हण खाली पडलं. "अहो, पण ते गटार आहे!"

"होणार आहे. आज नाही. लग्न ठरलं म्हणजे लग्न झालं का? कुणाचा थेंब त्यात पडलेला नाही. आज सगळ्या गावात त्याच्याइतकं सोवळं काही नाही!"

आता बोला! चूक कुठं काढाल? मी काढायला बसलो, मला सापडेना. विद्वानाशी वाद घालायचा म्हणजे असंच होतं — आपण चुकत नाही, पण हरतो!

मग रोज सकाळी अण्णा झाकण सरकवायचे. मंत्र म्हणून निर्माल्य, वरून पंचामृत, वरून घागरभर पाणी, नमस्कार. अण्णा करतात म्हटल्यावर गल्ली कशी मागं राहील? कुणी पूजेचे तांदूळ सोडले, कुणी नारळाच्या शेंड्या, कुणी देवीचं जुनं वस्त्र. एका मावशींनी तर झाकणाला हळदकुंकू वाहिलं! आणखी आठवडा मिळता, तर तिथं घुमटी उभी राहिली असती आणि मला कीर्तनाचं बोलावणं आलं असतं!

श्रावणी झाली. अण्णांनी नवं जानवं घातलं, जुनं त्याच ठिकाणी विसर्जन केलं. आणि मग गटाराचं उद्घाटन झालं. फीत कापली, टाळ्या वाजल्या, घराघराच्या जोडण्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई मोरीत पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. पायांवर नातू. तान्हं, अजून विटाळही फिटलेला नाही. तेल लावून झालं, ऊन पाणी घातलं. पाणी मोरीतून जाईना. मालनबाई म्हणाल्या, जाईल. आणखी एक तांब्या घातला. आणि मंडळी — पाणी जायचं सोडून वर यायला लागलं! काळं! सगळ्या गल्लीचं! पोराच्या टाळूला लागेपर्यंत त्यांना कळेचना की हे काय होतंय!

किंचाळून त्यांनी पोर उचललं. पाणी खोलीत शिरलं. बाजेखाली कांचनची शेगडी होती, ती विझली. ओली बाळंतीण घाणीत अनवाणी उभी, पोर गारठून निळं पडलेलं! आणि त्याच क्षणी, वरच्या टोकाला अण्णा देवावर घागर ओतत होते. मनोभावे! ती घागर कुठं निघाली होती, हे त्यांना माहीत नव्हतं हो!

ओरडा झाला. "नळ बंद करा! कुणी पाणी सोडू नका!" मुकादम सळया घेऊन धावला. गल्लीच्या तळाचं झाकण उघडलं — उताराला वाहत सगळं तिथंच अडकलेलं. सळई फिरवली, ओढली. काय निघालं? तुपाचा घट्ट झालेला गोळा. त्यात बेल, त्यात शेंड्या, त्यात देवीचं वस्त्र. आणि या सगळ्याला गुंडाळलेलं जानवं.

"कुणाचं?" म्हणून विचारायची गरजच उरली नाही.

अण्णा पुढं झाले. "माझं आहे."

कांचन दारात उभी होती. तिला शिव्या देता आल्या असत्या. तिनं नुसतं विचारलं, "अण्णा, तुम्ही हे देवाला दिलं होतंत ना? मग माझ्या पोराच्या अंगावर कसं आलं?"

तेवढ्यात मुकादमानं अगदी खरोखर घोटाळून विचारलं, "अण्णा, हे आता निर्माल्य का घाण? कशात टाकू?"

"मला कळत नाही रे," अण्णा म्हणाले. आणि त्यांना रडू आलं.

मग ते खाली बसले आणि हातांनी तो सगळा लगदा घमेल्यात भरायला लागले. नव्या जानव्याला घाण लागली, त्यांनी बघितलं नाही. मुकादम म्हणाला, "तुमच्या परसात खड्डा करू, मातीत जाऊ दे." पहार आणली, अण्णांनी स्वतः दोन फरशा उखडल्या.

इकडं मथुराकाकूंनी कोणाला न विचारता कांचनला आणि पोराला वर आणलं. घरात उबेची खोली एकच — देवघर! विटाळातली बाळंतीण नेऊन बसवली देवांसमोर. डॉक्टर आले, पोराला तपासलं, म्हणाले, आधी ऊब द्या.

अण्णा दारात आले. आपल्याच घरात पाय ठेवायची सोय नाही, इतके बरबटलेले. आतून काकूंनी घाबरत विचारलं, "अहो, पूजा अर्धी राहिलीय. आता काय करायचं?"

अण्णा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "शेगडी पेटव. पोर गारठलंय."

वाजवा हो, पेटीवाले! थांबू नका!

मंडळी, त्या दिवशीची पूजा मोडली की पुरी झाली? मला विचारू नका, माझाही घोटाळा आहे. पण एवढं सांगतो. हा बघा, मघाशी तुम्ही माझ्या गळ्यात घातलेला हार. टपोरा, सुंदर! कीर्तन संपेल, बुक्का लागेल, प्रसादाचे द्रोण रिकामे होतील, आणि तुम्ही घरी जाल. या सगळ्याचं काय? 'देवळाचं देवळात बघतील' — असंच म्हणणार ना?

या देवळाच्या खाली, उतारावर कुणाकुणाचं घर आहे? हात वर करा! लाजू नका, करा वर.

बघा. बाकीच्यांनी वळून बघा त्यांच्याकडे. नीट चेहरे बघा. बघितलेत? मग आता टाळ उचला, आणि घ्या त्याचं नाव!