चेहऱ्याची पूड

सून : बाबा, आजही दोनच चमचे? वाटी तशीच भरलेली आहे की.

सासरे : पोट भरलं.

सून : सकाळपासून एक बिस्कीट खाल्लंय तुम्ही. आई जाऊन दीड महिना झाला, तुमचं वजन सहा किलोंनी उतरलंय. हे म्हणत होते, असंच चाललं तर नळी घालून भरवायची वेळ येईल.

सासरे : तुझ्या सुपात काही खोट नाही, बाळ. त्याच भाज्या, तेवढंच मीठ. पण ते तिचं नाही. शेवटी जिभेवर जरासं कडवट काहीतरी रेंगाळायचं. ते नसलं की घोट घशाखाली उतरत नाही.

सून : कडवट? हे आज पहिल्यांदा सांगताय तुम्ही.

सासरे : सांगून काय होणार?

सून : बरं, निदान हे सफरचंद खा. धुऊन आणलंय.

सासरे : सालीसकट? घेऊन जा ते! चाळीस वर्षं तिनं माझं डोकं खाल्लं. सालीत चोथा असतो, पोट साफ राहतं, साखर एकदम चढत नाही. काकडी कधी सोलली नाही, कलिंगडाचा पांढरा भागही सोडला नाही. किवी तर केसांसकट खायची! काय मिळालं तिला? मी जन्मात साल तोंडात घातली नाही, तो मी इथं बसलोय. आणि ती गेली.

सून : आईंना जे झालं ते सालींनी टळणारं नव्हतंच, बाबा. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सासरे : मग कशाला खायची? आम्ही सुतार साल आधी तासून टाकतो. कामाचं लाकूड आत असतं. एवढी साधी गोष्ट तिला कधी पटली नाही.

सून : पण तुमची फळं तर तुम्हीच सोलायचात ना, आणि साली आईंकडे द्यायचात?

सासरे : रोज संध्याकाळी. रंधा मारल्यावर निघते तशी सलग पट्टी काढायचो, कुठं तुटायची नाही. पातळ काढा, असा तिचा हुकूम असायचा. का, ते मी विचारलं नाही कधी.

सून : लवकर वाळावी म्हणून.

सासरे : काय?

सून : आईंनी मला शपथ घातली होती, बाबा. पण तुम्हाला असं उपाशी ठेवलं तर त्याच मला माफ करायच्या नाहीत. थांबा जरा.

(आत जाऊन एक छोटी बरणी आणते आणि टेबलावर ठेवते.)

सून : ओळखलीत?

सासरे : तिची चेहऱ्याची पूड. संत्र्याच्या सालीची. किती चिडवायचो मी, म्हातारपणी कुणाला रूप दाखवायचंय म्हणून! नुसती हसायची.

सून : त्यांनी ती चेहऱ्याला एकदाही लावली नाही.

सासरे : मग बरणी रिकामी कशी व्हायची?

सून : तुमच्या सुपात. रोज पाव चमचा. नुसती संत्र्याची नाही, सफरचंदाचीसुद्धा; तुम्ही सोललेल्या सगळ्या साली मिठाच्या पाण्यात धुवायच्या, गॅलरीत फडक्याखाली वाळवायच्या, मग मिक्सरमधून काढायच्या. तुमची साखर वाढल्यापासून. बारा वर्षं.

सासरे : बारा वर्षं! माझ्याच हातून सोलून घ्यायची, आणि मलाच खाऊ घालायची...

सून : गुण सालींचा की गोळ्यांचा, मला नाही सांगता येणार. त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणायच्या, पोटात गेल्याशी कारण.

सासरे : मग तू का नाही घातलीस?

सून : तळाशी दोनच चमचे उरलीय. त्यांच्या हातची शेवटची. मला संपवायचा धीर होईना.

सासरे : घाल.

सून : सगळी?

सासरे : पाव चमचा. ती घालायची तेवढीच.

सून : घातली. सूप अजून गरम आहे. घ्या.

सासरे : हं.

सून : बाबा?

सासरे : हीच. हीच ती चव.

सून : डोळे पुसा आधी. सूप खारट व्हायचं.

सासरे : आठ दिवसांत संपेल ना गं ही?

सून : हो.

सासरे : साली वाळायला किती दिवस लागतात?

सून : ऊन चांगलं असलं तर चार.

सासरे : मग माझी सुरी आण. आणि ते सफरचंद दे इकडे. पातळ काढतो.