कवटीच्या नावानं पान

हसू नका रे, पण पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हाच्या टेन्शननं मले घास उतरत नव्हता. सीनियरकडून हाडं घेतली होती. कोणाशी बदलून जाऊ नये म्हणून कवटीवर मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिलं, अन् भंडाऱ्यातल्या किरायाच्या खोलीत तिच्यासमोर घोकत बसायचो.

पितृपक्षात, नेमकी परीक्षेच्या सकाळी, घरमालकीण मावशी म्हणाली, "डॉक्टर, बिनघोर जा. त्या बिचाऱ्याचं पान वाढलं मी."

"कोणाचं?"

"तुमच्या कवटीवाल्याचं. नाव घेऊन वाढलं."

"तुम्हाले नाव कसं माहीत?"

"कपाळावरच लिहून होतं नं. प्रशांत."

वर्षभर ती मले नुसतं डॉक्टरच म्हणत होती.

मी हळूच विचारलं, "कावळा शिवला?"

"एरवी तासभर येत नाही. आज पान ठेवलं न ठेवलं तं शिवला, बाप्पा!"