कुडाचं घर

किल्लारीच्या भूकंपाला आठवडाही झाला नव्हता. विमलबाई पेणहून एसटीनं रोह्याला कीर्तन करायला निघाल्या होत्या. कासूला एक आई आणि तिची दिवस भरत आलेली लेक चढल्या, पुढच्याच बाकावर बसल्या.

"आये, शेषानं डोकं नाय हलवलं. जमीन तुकड्यातुकड्यांची हाय. खाली तापून मऊ झालेल्या खडकावर ते तुकडे सरकतात."

"आपला पण?"

"व्हय. नख वाढतं तसा, हळूहळू. उत्तरेला धडकला म्हणून तर हिमालय उठला."

"मिठागरात वारा सुटला की मिठाचे पापुद्रे बांधावर चढतात, तसं?"

"अगदी तसंच!"

"मग हिमालय कुठं नि किल्लारी कुठं?"

"दाब आतपर्यंत येतो. खडकात जुनी भेग असली की तिथं सुटतो."

"म्हणूनच बाळंतपणाला तुला मामाकडं नेतेय. रोह्याला त्याच्या दगडी भिंती हातभर जाड. आपलं घर नुसतं काड्यांच्या कुडाचं."

"आये, तिकडं माणसांना भुईनं नाय गिळलं. असल्याच दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या."

नागोठणं आलं तशी आई लेकीकडं वळली.

"आणि कूड नि पेंढा अंगावर पडला तर?"

"झटकून उठायचं."

"हे कासूलाच का नाय बोललीस गो?"

"बोलू दिलंस?"

"मास्तर, थांबवा! उतरायचंय."

"रोह्याचं तिकीट काढलंय ना, मावशी?"

"पोरीला घरी न्यायचंय."

विमलबाईंनी मायलेकींचं गाठोडं खिडकीतून खाली दिलं.

"सांभाळून जा गो. आज कीर्तनात शेषाला सांगते, बाळाचं बारसं होईपर्यंत हलू नको."