झोंबी परवडले

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी दोघं बहीणभाऊ बसले होते. आत त्यांचे बाबा मशीनवर होते. भावाचा पाय सारखा हलत होता.

"ताई, झोंबी आले तर सरळ डोंगर गाठायचा. त्यांना चढता येत नाही."

"छे. सरळ इथेच यायचं."

"हॉस्पिटलात? डोकं फिरलंय का तुझं? पहिले झोंबी इथलेच असणार!"

"असू देत. मशीन इथे आहे. खाली जनरेटर आहे, डिझेल दोन दिवस पुरतं. वॉचमनला विचारलंय मी."

"हे विचारलंस तू?"

"मग? दर दोन दिवसांनी चार तास बसून काय करू?"

"आणि मशीन कोण लावणार? सिस्टरच झोंबी झाली तर?"

"मी लावेन. बघून बघून पाठ झालंय."

"बाबा म्हणतील, मला सोडा आणि पळा."

"ते आत्ताही तेच म्हणतात."

"...बरं. मग दार मी दाबून धरतो."

"तू? सुई दिसली की बाहेर पळतोस!"

"त्यापेक्षा झोंबी परवडले गं."

इतक्यात सिस्टरने दार उघडलं. "सुया काढतेय. हात दाबून धरायला कोणीतरी आत या."

"ताई, जा ना."

"दाबून धरायचं काम तुझं ना? तूच जा," ताई जागची न हलता म्हणाली.